मैदान मागणारी मधू सप्रे

  

या कार्यक्रमात आपण एरवी बोलतो ते बचत, कर्जफेड, शेळीपालन, मसाले-पापडाचा धंदा याबद्दल. पण पोरींकडून एक मागणी सारखी येते. ‘ताई, मॉडेल कशा होतात ते सांगा. मॉडेलची हिरोईन कशी होते ते सांगा.’ हे ऐकून काही आयांनी कपाळाला हात लावला असेल. आम्ही मात्र ठरवलं, विषय टाळून उपयोग नाही. मोबाईल घरोघरी आहे, पोरी बघतात, आपसात बोलतात. मग त्यांना धड माहिती आपणच का देऊ नये?

म्हणून आज एका मराठी मुलीची गोष्ट सांगतो. तिचं नाव मधू सप्रे. ज्या बायका आज पंचेचाळीस-पन्नाशीत आहेत, त्यांना हे नाव आठवत असेल. नव्वदच्या दशकात मासिकांच्या मुखपृष्ठावर ती असायची. मॉडेल म्हणून तिने मोठं नाव मिळवलं, पुढे सिनेमातही काम केलं. पण आम्ही तिची निवड केली ती एका उत्तरासाठी. एका परदेशी रंगमंचावर तिला एक प्रश्न विचारला गेला आणि तिने जे उत्तर दिलं, ते आपल्या गावातल्या बायकांनी ऐकावं असं आहे.

मॉडेल म्हणजे कोण?

आधी शब्द समजून घेऊ. साडीच्या दुकानात पुतळ्याला साडी नेसवून ठेवतात ना, ती साडी अंगावर कशी दिसेल हे गिऱ्हाइकाला कळावं म्हणून? मॉडेलचं काम मुळात तेच. कपडा, दागिना, साबण, चपला, काहीही असो, ते वापरल्यावर कसं दिसतं हे दाखवायचं. फरक एवढाच की मॉडेल जिवंत माणूस असते. तिला चालावं लागतं, तासन्‌तास उभं राहावं लागतं, कडक दिव्यांखाली घाम पुसत तोच हावभाव वीसदा करावा लागतो. थंडीत पातळ कपडे आणि उन्हात लोकरीचे, असंही होतं. कारण हिवाळ्याच्या मालाची जाहिरात हिवाळा यायच्या आत तयार ठेवावी लागते.

मॉडेल आणि नटी यांत फरक आहे. मॉडेल दिसते, नटी बोलते. मॉडेलच्या चित्रात नजर वस्तूवर जायला हवी, सिनेमात नजर माणसावर. मॉडेलला एका क्षणात भाव दाखवायचा असतो, नटीला अडीच तास एक माणूस जगून दाखवायचा असतो. म्हणून मॉडेल झालेली प्रत्येक मुलगी चांगली नटी होतेच असं नाही. उलट आपल्या नगरचे सदाशिव अमरापूरकर बघा. ते नाटकातून सिनेमात गेले. चेहऱ्याच्या देखणेपणावर नाही, तर आवाजावर आणि अभिनयावर त्यांनी नाव कमावलं. दोन्ही वाटा सिनेमापर्यंत जातात, पण शिदोरी वेगवेगळी लागते.

धावणारी मुलगी

मधू सप्रेचा जन्म १९७१ सालचा, नागपूरचा. मराठी घर. तिची पहिली ओळख सौंदर्याची नव्हती, खेळाची होती. ती अ‍ॅथलीट होती, म्हणजे धावणं-पळणं, मैदानावरचा घाम, सकाळचा सराव. उंच, काटक, सरळ पाठीची मुलगी. आपल्याकडे अशा मुलीला ‘ताडमाड वाढलीय’ म्हणून हिणवतात. रंगही सावळा. लग्नाच्या बाजारात ज्या गोष्टी उण्या धरल्या जातात, त्याच गोष्टी मॉडेलिंगमध्ये तिच्या उपयोगी पडल्या. उंची, चालण्यातला डौल आणि दमसास. हा डौल ब्युटी पार्लरमध्ये मिळत नाही, तो मैदानावर येतो. तासन्‌तास उभं राहायची ताकदही तिथेच येते.

काळ कोणता होता तेही पाहू. १९९१ साली देशाने परदेशी मालाला आणि कंपन्यांना दारं उघडली. घराच्या छपरांवर डिश अँटेना दिसू लागल्या, दूरदर्शनच्या जोडीला नव्या वाहिन्या आल्या. माल वाढला की जाहिरात वाढते आणि जाहिरात वाढली की ती करणारी माणसं लागतात. त्याआधी मॉडेलिंग हा फार थोड्यांचा, जोडीला करायचा उद्योग होता. आता तो पूर्णवेळ धंदा होऊ लागला. मधू नेमकी त्या वळणावर आली. १९९२ साली तिने ‘मिस इंडिया’ हा किताब जिंकला आणि त्याच वर्षी मे महिन्यात ती ‘मिस युनिव्हर्स’ स्पर्धेसाठी थायलंडच्या बँकॉकला गेली.

या स्पर्धांबद्दल आपल्या मनात दोन मतं असतात आणि दोन्हींत तथ्य आहे. बाईला उंची-वजनावर तोलायचं हे चांगलं नाही, हे एक मत. मुलीला घराबाहेर पडून जग बघायला मिळतं, हे दुसरं. १९६६ साली रीटा फारिया ‘मिस वर्ल्ड’ झाली. मूळची गोव्याच्या घरातली, मुंबईत वैद्यकीचं शिक्षण घेणारी मुलगी. किताबाचं वर्ष संपल्यावर तिने मॉडेलिंग सोडलं, अभ्यास पुरा केला आणि डॉक्टर झाली. म्हणजे मुकुट हा शेवट नसतो, त्यानंतरही आयुष्य उरतंच. हे पोरींनी ध्यानात ठेवावं.

बँकॉकमधला प्रश्न

स्पर्धेत मधूची चर्चा होती. पाहता पाहता ती शेवटच्या तिघींत पोचली. एक नामिबियाची, एक कोलंबियाची आणि एक आपली. आता उरला होता एकच प्रश्न. तो असा होता: तुम्ही तुमच्या देशाच्या प्रमुख झालात, तर सगळ्यात आधी काय कराल?

मैत्रिणींनो, क्षणभर आपण तिच्या जागी उभ्या राहू. समोर परीक्षक, हजारो माणसं, जगभर चाललेलं प्रक्षेपण. वय वीस. उत्तर द्यायचं इंग्रजीत, जी घरातली भाषा नाही. आणि विचार करायला काही सेकंद.

मधूने सांगितलं, मी चांगलं क्रीडासंकुल बांधीन. देशातली गरिबी एका वर्षात संपणारी नाही, असाही तिच्या बोलण्याचा रोख होता. पुढे मुलाखतींमध्येही तिने या उत्तराची बाजू मांडली. मी खेळाडू होते, आपल्याकडे खेळाच्या सोयी नाहीत हे मला ठाऊक होतं, मला जे खरं वाटलं ते मी बोलले, असा तिच्या सांगण्याचा आशय होता.

मुकुट नामिबियाच्या मिशेल मॅक्लीनला मिळाला. कोलंबियाची मुलगी दुसरी आली आणि मधू तिसरी. त्या उत्तरामुळे मुकुट गेला, असं तेव्हा लोक म्हणाले, आजही म्हणतात. एवढ्या गरीब देशातली मुलगी आणि तिला भाकरीच्या आधी खेळाचं मैदान सुचतं, अशी टीका झाली. शाळेच्या परीक्षेत उत्तर चुकावं तसं ते उत्तर वर्षानुवर्षं सांगितलं गेलं. दोन वर्षांनी, १९९४ साली, सुष्मिता सेनने हाच मुकुट भारताला पहिल्यांदा मिळवून दिला. तिला शेवटचा प्रश्न होता स्त्रीत्वाबद्दल आणि तिच्या उत्तरात आईपण होतं, प्रेम होतं. परीक्षकांना ते भावलं. ते उत्तर सुंदर होतंच. पण एक गोष्ट आमच्या लक्षात येते. बाई आईपणाबद्दल बोलली की जगाला बरं वाटतं. बाईने मैदान मागितलं की जग विचारात पडतं.

ते उत्तर खरंच वेडगळ होतं का?

जरा हिशेब मांडू. तो आपल्याला जमतो, आपण दर महिन्याला गटाचा मांडतोच.

मधूने उत्तर दिलं १९९२च्या मे महिन्यात. त्यानंतर दोनच महिन्यांनी स्पेनमध्ये बार्सिलोना ऑलिम्पिक झालं. एवढ्या मोठ्या देशाला तिथून किती पदकं मिळाली? एकही नाही. त्याच्या आधीच्या दोन ऑलिम्पिकमध्येही एकही नव्हतं. स्वतंत्र भारताला एका खेळाडूने एकट्याच्या जोरावर मिळवून दिलेलं पहिलं पदक होतं १९५२ सालचं, आपल्या कराडजवळच्या गोळेश्वरचे पैलवान खाशाबा जाधव यांचं. त्यानंतर चाळीस वर्षं कोरडी. आणि बायकांचं पहिलं पदक? ते यायला २००० साल उजाडावं लागलं. सिडनीमध्ये कर्णम मल्लेश्वरीने वजन उचलून ते मिळवलं.

म्हणजे मधू बोलत होती ती उणीव खरी होती. आपल्या राज्यातसुद्धा पुण्याजवळ बालेवाडीचं मोठं क्रीडासंकुल उभं राहिलं ते १९९४च्या राष्ट्रीय क्रीडास्पर्धांसाठी, तिच्या उत्तरानंतर.

आता पुढचं पान बघा. सातारा जिल्ह्यातल्या माण तालुक्यातलं मोही गाव. माण म्हणजे आपल्या पाथर्डी-जामखेडसारखाच दुष्काळी मुलूख. तिथली ललिता बाबर २०१६ साली रिओ ऑलिम्पिकमध्ये तीन हजार मीटर स्टीपलचेस शर्यतीच्या अंतिम फेरीत धावली. १९८४ साली पी. टी. उषा धावली होती, त्यानंतर ऑलिम्पिकच्या धावण्याच्या वैयक्तिक शर्यतीत अंतिम फेरी गाठणारी ती पहिली भारतीय बाई. आणि जानेवारी २०२५ मध्ये दिल्लीत खो-खोचा पहिला विश्वचषक झाला, तो आपल्या मुलींनी जिंकला तेव्हा संघाची कर्णधार होती महाराष्ट्राची प्रियांका इंगळे. खो-खो, जो तुम्ही-आम्ही सगळ्याजणी शाळेत खेळलो आणि सातवी-आठवीत सोडून दिला.

का सोडला? पाळी आली म्हणून. आता मोठी झालीस, असं कुणीतरी म्हणालं म्हणून. मैदानावर पोरं क्रिकेट खेळत होती म्हणून. घरी धाकटं भावंड सांभाळायचं होतं म्हणून. भाकरीचा आणि मैदानाचा संबंध नाही, असं म्हणणाऱ्यांनी एवढं तरी बघावं. जी मुलगी मैदानावर टिकते, ती शाळेत टिकायचीही शक्यता वाढते. जी शाळेत टिकते, तिचं लग्न लांबतं. खेळाच्या जोरावर पोलीस भरतीत धावण्याची परीक्षा सहज पार करणाऱ्या मुली आपल्याही तालुक्यांत आहेत. ही भाकरी नाही तर काय?

मुकुट नसलेली वर्षं

बँकॉकहून परतल्यावर मधू रडत बसली नाही. तिसरा क्रमांक घेऊनच ती कामाला लागली. नव्वदच्या दशकात ती देशातल्या सगळ्यात नावाजलेल्या मॉडेलपैकी एक झाली. फॅशनचे कपडे घालून ज्या उंचवट्यावरून मॉडेल चालतात, त्याला रॅम्प म्हणतात. त्या रॅम्पवर तिच्या चालीचं नाव झालं. पुन्हा तीच गोष्ट, मैदानाने दिलेली चाल.

१९९५ साली तिच्या आयुष्यात एक वादळ आलं. टफ नावाच्या बुटांच्या जाहिरातीत ती आणि मिलिंद सोमण होते. मिलिंदही खेळाडूच, राष्ट्रीय पातळीवरचा जलतरणपटू, तोही मराठी. त्या चित्रात दोघांच्या पायात बूट होते, अंगाभोवती अजगर होता आणि कपडे नव्हते. मोठा गदारोळ झाला. अश्लीलतेचा खटला भरला गेला. तो चौदा वर्षं चालला आणि २००९ साली आरोपींची निर्दोष सुटका झाली.

त्या जाहिरातीबद्दल ज्याचं त्याचं मत वेगळं असू शकतं. आमच्या गटातही एकमत नाही, होणारही नाही. पण पोरींना आम्ही दोन गोष्टी सांगतो. एक, चित्र काढायला एक दिवस लागतो, पण त्याचे परिणाम वर्षानुवर्षं मागे येतात. आज तर मोबाईलमुळे एक फोटो क्षणात हजारो ठिकाणी जातो. म्हणून ‘हो’ म्हणायच्या आधी पुरता विचार करायचा आणि ‘नाही’ म्हणायचा हक्क कुणालाही द्यायचा नाही, तो आपला. दोन, वाद झाला म्हणून आयुष्य संपत नाही. मधूचं संपलं नाही, मिलिंदचंही नाही.

सिनेमाच्या दारात

मॉडेलने सिनेमात जायचं ही त्या काळात रूढ झालेली वाट होती. मधूच्याच बरोबरीच्या मराठी घरांतल्या मुली बघा. सोनाली बेंद्रे मॉडेलिंगमधून आली. १९९४ साली ‘आग’ हा तिचा पहिला सिनेमा आला आणि ‘सरफरोश’सारख्या सिनेमांतून ती घराघरांत पोचली. नम्रता शिरोडकर १९९३ची ‘मिस इंडिया’, म्हणजे मधूच्या पुढच्याच वर्षीची. महेश मांजरेकरांच्या ‘वास्तव’मध्ये तिला आपण पाहिलंय. या नम्रताची आजी म्हणजे मीनाक्षी शिरोडकर. १९३८ साली, अत्र्यांनी लिहिलेल्या ‘ब्रह्मचारी’ या सिनेमात त्यांनी पोहण्याचा पोशाख घातला आणि तेव्हाच्या महाराष्ट्रात खळबळ उडाली. म्हणजे ‘हल्लीच्या पोरी बिघडल्या’ हे वाक्य निदान पंच्याऐंशी वर्षं जुनं आहे.

मधू मात्र सिनेमात उशिरा आली. २००३ साली कैझाद गुस्ताद यांचा ‘बूम’ आला. तीन मॉडेल मुली, चोरीचे हिरे आणि गुंडांच्या तावडीत सापडलेल्या या तिघी, अशी गोष्ट. मधू, पद्मा लक्ष्मी आणि कतरिना कैफ या त्या तिघी. सोबत अमिताभ बच्चन, जॅकी श्रॉफ, गुलशन ग्रोव्हर अशी मोठी नावं. कतरिनाचा हा पहिलाच सिनेमा. सिनेमा सपशेल आपटला.

इथे एक शिकण्यासारखं आहे. एकाच पडलेल्या सिनेमातून तिघी तीन वाटांनी गेल्या. कतरिनाने भाषा, नाच, अभिनय यांवर मेहनत घेतली आणि ती हिंदी सिनेमाची मोठी नायिका झाली. पद्मा लक्ष्मी अमेरिकेत स्वयंपाकाच्या कार्यक्रमांतून आणि पाककृतींच्या पुस्तकांतून नावारूपाला आली. मधूने सिनेमाच्या मागे धावणं धरलं नाही. इटलीच्या माणसाशी लग्न करून ती तिकडे स्थायिक झाली, आई झाली. कुणी म्हणेल, नटी म्हणून ती अपयशी ठरली. आम्ही म्हणतो, एका कामात नाव कमावलं, दुसरं करून पाहिलं, जमलं नाही तेव्हा तिसऱ्या वाटेने गेली. गटात आपण तेच करतो. पापड चालले नाहीत तर शेवया करतो. त्याला अपयश म्हणत नाही, धंदा बदलला म्हणतो.

घरातल्या मुलीला हेच करायचं असेल तर

आता पोरींसाठी आणि त्यांच्या आयांसाठी कामाचं बोलू. मॉडेलिंग हे काम आहे आणि कामाचे पैसे काम देणाऱ्याने द्यायचे असतात. हा एक नियम पाठ करा. ‘तुमचा चेहरा निवडला गेलाय, नोंदणीचे इतके रुपये भरा’ असा मेसेज आला, तर समजा पाण्यात काहीतरी काळं आहे. खरी एजन्सी मुलीला काम मिळवून देते आणि मिळालेल्या पैशातून आपलं कमिशन घेते. आधी फी मागत नाही. स्वतःचे चांगले फोटो काढून घ्यायला खर्च येतो, हे खरं. पण ते फोटो कुठे आणि कुणाकडे काढायचे हे आपण ठरवायचं. ‘आमच्याच फोटोग्राफरकडून, आमच्याच दरात’ अशी सक्ती झाली की मागे फिरायचं.

मोबाईलवरून कुणालाही अंगावर कमी कपडे असलेले फोटो पाठवायचे नाहीत. ‘फक्त माप कळायला हवंय’ असं गोड बोलून मागितले तरी नाही. भेटायला जायचं ते कचेरीत, दिवसा, घरचं माणूस सोबत घेऊन. लॉजवर नाही. कागदावर सही करायच्या आधी तो कागद घरी आणायचा, इंग्रजीत असेल तर मास्तरांकडून वाचून घ्यायचा. फोटो कुठे वापरणार, किती वर्षं वापरणार, पैसे कधी देणार, हे त्यात लिहिलेलं हवं. अठरा पुरी नसेल तर मुलीने स्वतः सही करायचीच नाही, पालकांनी करायची. आणि पैसे गेलेच, तर लाजून गप्प बसू नका. ताबडतोब १९३० या नंबरवर फोन करा. तो पैशाच्या सायबर फसवणुकीसाठीच आहे. जितक्या लवकर कळवाल, तितकी पैसे अडवता येण्याची शक्यता जास्त.

आणि शिक्षण सोडायचं नाही. मॉडेलचं काम फार वर्षं टिकत नाही. त्यानंतर पोट भरायला हातात काहीतरी हवं.

तोच प्रश्न आपल्याला

१९९२ साली मधूला विचारलेला प्रश्न ‘जर’चा होता. जर प्रमुख झालात तर. तिला देश काही मिळणार नव्हता. पण त्याच वर्षी, डिसेंबर महिन्यात, दिल्लीच्या संसदेत ७३वी घटनादुरुस्ती मंजूर झाली. पुढच्या एप्रिलमध्ये ती लागू झाली आणि देशभरच्या पंचायतींत बायकांना एक तृतीयांश जागा राखीव झाल्या. २०११पासून महाराष्ट्रात तर निम्म्या. म्हणजे तोच प्रश्न आता तुम्हा-आम्हाला रोजचा झाला. कुणाला सरपंच म्हणून, कुणाला सदस्य म्हणून, कुणाला महिला सभेत बसणारी बाई म्हणून. त्यातला ‘जर’ गेला.

आम्ही काही गटांच्या बैठकीत हा प्रश्न टाकून पाहिला. सरपंच झालात तर आधी काय कराल? उत्तरं भराभर आली. पाण्याची टाकी. एसटी थांब्यावर बायकांसाठी मुतारी. वस्तीच्या रस्त्यावर दिवा. दारूचं दुकान बंद. सगळी रास्तच. मग एक नववीतली पोर, आईसोबत आलेली, हळूच म्हणाली, ‘आमच्या शाळेचं मैदान राहू द्या.’

ती असं का म्हणाली हे सगळ्यांना माहीत होतं. त्या गावात शाळेच्या मैदानाच्या रस्त्याकडच्या बाजूला गाळे काढायचा विषय निघालाय. आणि मैत्रिणींनो, त्यातला एक गाळा बचत गटाला द्यायचं बोलणं आहे. गेली किती वर्षं या बायका मसाल्याच्या पुड्या डोक्यावर घेऊन बाजार करतात. हक्काचं छप्पर मिळतंय तर नको कसं म्हणायचं? आणि गाळे झाले तर उरलेल्या तुकड्यावर पोरं क्रिकेट खेळतील, पोरींना जागा राहणार नाही, हेही सगळ्यांना कळत होतं. बैठकीत बराच वेळ कुणी बोललं नाही.

बघा, हा बँकॉकमधलाच पेच आहे. आधी भाकरी की आधी मैदान? तिथे वीस वर्षांच्या पोरीला काही सेकंदांत उत्तर द्यावं लागलं आणि जगाने ते चुकीचं ठरवलं. आपल्याला मात्र वेळ आहे. आपल्याकडे परीक्षक नाहीत, ग्रामसभा आहे. गटातल्या बायका शेवटी एका गोष्टीवर आल्या. गाळा हवाच, पण तो बाजारतळाच्या बाजूला मागायचा. तिथे जागा आहे, शिवाय गिऱ्हाईकही तिथेच येतं. मैदान आहे तसं राहू द्यायचं आणि संध्याकाळचा एक तास मुलींसाठी ठरवून घ्यायचा. हे अजून मंजूर झालेलं नाही. काही पुरुष मंडळींना रस्त्याकडचीच जागा हवी आहे, कारण तिथे भाडं जास्त येईल. आमच्यातल्याही एकदोघी म्हणतात, हातातला गाळा घालवू नका. निकाल २ ऑक्टोबरच्या ग्रामसभेत लागेल.

तुमच्या गावात असा विषय असेल तर तीन गोष्टी लक्षात ठेवा. ग्रामसभेच्या आधी महिला सभा घ्यावी लागते. तिथे विषय मांडा आणि ठराव इतिवृत्तात लिहून घ्या, नुसतं बोलून येऊ नका. ग्रामपंचायतीने आपल्या उत्पन्नातले दहा टक्के महिला आणि बालकल्याणावर खर्च करायचे असतात. ते कुठे जातात ते विचारा. मुलींसाठी खेळाचं साहित्य मागा. मैदानाजवळ स्वच्छतागृह मागा, त्यावाचून मोठ्या मुली मैदानावर थांबत नाहीत. आणि गावाचा विकास आराखडा तयार होत असताना तिथे हजर राहा. आराखडा झाल्यावर हळहळून उपयोग नसतो.

मधू सप्रेला मुकुट मिळाला नाही. पण तिने त्या रंगमंचावर लोकांना आवडेल ते न सांगता आपल्या अनुभवातलं सांगितलं. आपल्यालाही सभेत बोलताना तेवढंच करायचं आहे. इंग्रजी यायची गरज नाही. आपल्या गावात आपल्याला काय कमी पडतं, ते आपल्याइतकं कुणाला ठाऊक आहे?

तर या महिन्याच्या बैठकीत, बचत गोळा झाली, हप्ते लिहून झाले की हा प्रश्न सगळ्याजणींना विचारा. सरपंच झालात तर आधी काय कराल? उत्तरं वहीत लिहून ठेवा. आणि बैठकीला घरातल्या पोरींना घेऊन या, त्यांनाही विचारा. त्यांचं उत्तर वेगळं निघालं तर हसू नका.

पुढच्या भागात भेटू. नमस्कार.